काडीमोड ते कुटुंब न्यायालय : विवाहविच्छेद आणि अपत्याच्या ताब्याचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

विवाहविच्छेदासाठी मराठीत काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत, घटस्फोट असे अनेक शब्द आहेत. मात्र विभक्त झालेल्या माता-पित्यांनी मिळून अपत्याचे संगोपन करावे, या व्यवस्थेसाठी लोकव्यवहारात रुळलेला असा शब्द नाही. ‘सहपालकत्व’ ही अलीकडची घडण आहे. शब्दांतील ही विषमता कायद्याच्या इतिहासातही आढळते. विवाह मोडण्याचे नियम आधी झाले. अपत्याचा विचार त्यामानाने उशिरा झाला. प्रस्तुत निबंधात प्रामुख्याने मुंबई इलाखा व महाराष्ट्र यांच्या संदर्भात हिंदू कायद्यातील या प्रवासाचा आढावा घेतला आहे.

जातपंचायत आणि वसाहतकालीन न्यायालये

धर्मशास्त्रानुसार विवाह हा संस्कार असल्याने तो अविच्छेद्य मानला जाई. प्रत्यक्षात ज्या जातींत पाट लावण्याची चाल होती, तेथे काडीमोडही रूढ होती आणि तिचा निवाडा जातपंचायत करीत असे. वसाहतकालीन न्यायालयांनी या अधिकाराला मर्यादा घातली. पतीच्या संमतीवाचून जातीने दिलेली सोडचिठ्ठी मुंबई उच्च न्यायालयाने १८६४ मध्ये अमान्य केली. विवाह रद्द ठरवून स्त्रीला पुनर्विवाहाची मुभा देण्याचा जातीचा अधिकार १८७६ च्या निकालातही नाकारण्यात आला. परिणामी, ज्या स्त्रियांना रूढीने सुटकेची वाट होती, त्यांची वाट अरुंद झाली.

अपत्यासंबंधी महत्त्वाचा कायदा म्हणजे १८९० चा पालक व पाल्य अधिनियम. पालक नेमताना पाल्याचे हित पाहावे आणि समजत्या वयाच्या मुलाची पसंती विचारात घेता यावी, असे त्याचे १७ वे कलम सांगते. तथापि कलम १९ अन्वये, पिता अपात्र ठरत नसेल तर न्यायालयाला अन्य पालक नेमता येत नसे. या कलमात पित्याच्या बरोबरीने मातेचा उल्लेख होण्यास २०१० ची दुरुस्ती यावी लागली. म्हणजेच हिताचे तत्त्व आणि पित्याचे वर्चस्व एकाच कायद्यात शेजारी शेजारी नांदत होते.

संस्थाने, मुंबई प्रांत आणि हिंदू विवाह अधिनियम

सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदा संस्थानात १९३१ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये द्विभार्याप्रतिबंधक व १९४७ मध्ये हिंदू घटस्फोट कायदा केला. पुढे १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाने घटस्फोटाची तरतूद देशव्यापी केली. त्याच्या कलम २९ ने रूढीने मिळणारा घटस्फोटाचा हक्क राखून ठेवला, तर कलम २६ ने मुलांचा ताबा, पोषण व शिक्षण यांविषयी आदेश देण्याचा आणि ते वेळोवेळी बदलण्याचा अधिकार न्यायालयाला दिला. ही लवचीकता महत्त्वाची आहे. कारण मूल वाढते, त्याच्या गरजा बदलतात.

१९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाने पित्याला आणि ‘त्याच्यानंतर’ मातेला नैसर्गिक पालक ठरविले. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा मात्र सामान्यतः मातेकडे असावा, असेही म्हटले. थोडक्यात, सांभाळ आईचा आणि अधिकार वडिलांचा! गीता हरिहरन प्रकरणात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘त्याच्यानंतर’ याचा अर्थ ‘पित्याच्या मृत्यूनंतर’ एवढाच नसून ‘त्याच्या अनुपस्थितीत’ असा लावला. कायद्यातील शब्द कायम राहिला, अर्थ बदलला.

परस्पर संमती आणि कुटुंब न्यायालय

१९७६ च्या दुरुस्तीने परस्पर संमतीने घटस्फोटाचा मार्ग खुला झाला. दोष सिद्ध करण्याची सक्ती टळल्याने मुलांविषयी सामंजस्याने ठरविण्यास वाव मिळाला. अर्जानंतरचा सहा महिन्यांचा काळ योग्य प्रकरणी माफ करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले.

१९८४ च्या कुटुंब न्यायालय अधिनियमाने समेटाचा प्रयत्न हे न्यायालयाचे कर्तव्य ठरविले, समुपदेशकांची तरतूद केली आणि वकिलामार्फत बाजू मांडणे हा पक्षकाराचा निरपवाद हक्क ठेवला नाही. महाराष्ट्रात पुणे व मुंबई येथे १९८९ मध्ये अशी न्यायालये सुरू झाली. ताब्याचा आणि भेटीचा प्रश्न आता फौजदारी-दिवाणी कामकाजाच्या गर्दीतून स्वतंत्र दालनात आला.

मुले ही पालकांची मालमत्ता नव्हेत, हा विचार सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये मांडला होता. २०१५ मध्ये विधी आयोगाने २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पालकांचे प्रेम हा मुलाचा हक्क मानून, भेटीबरोबरच दूरध्वनी व व्हिडिओ संवादाद्वारे होणाऱ्या संपर्कालाही महत्त्व दिले.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, या इतिहासात प्रश्न दोनदा बदलला. प्रथम ‘विवाह मोडता येतो का?’, नंतर ‘मूल कोणाचे?’ आणि अखेरीस ‘मुलाचे हित कशात?’ असा तो झाला. तथापि ‘ताबा’ हा शब्द आजही वस्तूलाच अधिक शोभतो. आदेशाने भेटीचा वार व वेळ ठरविता येते. त्या भेटीत मुलासमोर दुसऱ्या पालकाविषयी कटू न बोलण्याचा संयम आदेशाने येत नाही. पती-पत्नीचे नाते संपले तरी माता-पित्याचे नाते संपत नाही, ही जाणीव समाजात रुजल्याशिवाय कायद्याचा हा दीर्घ प्रवास पूर्ण झाला असे म्हणता येणार नाही.