खाडीपासून अंबरनाथपर्यंत : एका दिवसाची इतिहास-सहल



शाळेच्या पुस्तकात पिरॅमिडचे चित्र आले की वर्गातील सगळी मुले सरसावून बसतात. फिरऔनची नावे, ममी, तूतनखामेनचा सोन्याचा मुखवटा ही सारी माहिती त्यांना तोंडपाठ असते. मिसर देशातील लक्सर या गावी जगभरचे प्रवासी एका दिवसाची सहल करतात. नाईल नदीच्या पूर्वतीरावर कर्नाक आणि लक्सर येथील देवळे आहेत, तर पश्चिमतीरावरच्या डोंगरात राजांच्या कबरी आहेत. सोबत एक वाटाड्या असतो. तो भिंतीवरील चित्रे दाखवितो, राजांच्या कथा सांगतो आणि संध्याकाळी सर्वांना मुक्कामी परत आणतो. लक्सरच्या देवळाच्या अंगणातच अबुल हज्जाज यांची मशीद आहे. तेथे आजही नमाज होते. म्हणजे फिरऔनचे खांब आणि मशिदीचा मिनार एकाच आवारात उभे आहेत.

एकदा वर्गात हे वर्णन चालू असताना एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, आपल्याकडे असे काही नाही का? आणि असले, तर ते आपले का?" त्याचे वडील वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात पाळीने कामाला जात. मुलाचा जन्मही येथलाच. प्रश्नाच्या पहिल्या भागाला मी लगेच उत्तर दिले. दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र वर्गात बसून देण्यासारखे नव्हते. ते उत्तर आज या लेखातून देण्याचा प्रयत्न करीत आहे. त्यासाठी तुम्हाला माझ्याबरोबर एका दिवसाच्या सहलीला यावे लागेल. खर्च फक्त लोकलच्या तिकिटाचा. डबा घरूनच घ्यावा.

वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. महामंडळाची स्थापना १९६२ सालची. यंत्रांच्या आवाजात वाढलेल्या आपल्या मुलांना वाटते की आपल्या गावाचा इतिहास तेथूनच सुरू झाला. पुढे पुष्कळ कारखाने बंद पडले आणि त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, तेव्हा तर तेवढाही इतिहास पुसला गेला. परंतु वसाहतीतून निघून स्टेशन ओलांडले आणि खाडीच्या दिशेने थोडे गेले, की आपण एक हजार वर्षे मागे जातो.

पहिला मुक्काम : ठाण्याचा किल्ला

आज जेथे ठाण्याचे कारागृह आहे, तो मुळात किल्ला आहे. त्याचे बांधकाम पोर्तुगीजांनी सुरू केले, १७३७ साली ठाणे मराठ्यांनी घेतले आणि १७७४ साली ते इंग्रजांकडे गेले. आत जाता येत नाही, तेव्हा बाहेर उभे राहूनच ऐका. १७८७ साली या किल्ल्यात नव्या कामासाठी पाया खणताना मजुरांच्या पहारीला तांब्याचे पत्रे लागले. तो शिलाहार राजा अरिकेसरी याचा शके ९३९, म्हणजे इ. स. १०१७ चा दानपत्राचा ताम्रपट होता. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने आपल्या शोधनिबंधांच्या पहिल्याच खंडात, १७८८ साली, त्याचे भाषांतर छापले. हिंदुस्थानच्या प्राचीन लेखांचा अभ्यास नुकता सुरू होत होता, तेव्हा ठाण्याचे नाव त्यात आले होते. तेही कोणा राजवाड्यातून आले नाही, पाया खणणाऱ्या मजुरांच्या हातून आले, हे ध्यानात ठेवा.

ठाणे अरबांनाही फार पूर्वीपासून ठाऊक होते. हजरत उमर यांच्या खिलाफतीत, इ. स. ६३६ च्या सुमारास, एक अरब आरमार ठाण्यावर चालून आले होते, असे नवव्या शतकातील इतिहासकार बलाझुरी सांगतो. ही स्वारी खलिफांना पसंत पडली नाही, हेही त्यानेच लिहून ठेवले आहे. पुढे अल् बिरूनीच्या ग्रंथात ठाणे कोकणची राजधानी म्हणून येते. परंतु स्वारीपेक्षा व्यापाराचा संबंध कितीतरी मोठा आणि दीर्घकाळ टिकणारा होता. त्याचा सर्वांत सुंदर पुरावा जुन्या ठाणे जिल्ह्यातच, डहाणूजवळच्या चिंचणी गावी मिळाला. (२०१४ पासून हा भाग पालघर जिल्ह्यात आहे.)

चिंचणीच्या ताम्रपटांपैकी एक शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. तेव्हा राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र राज्य करीत होता. संजाण मंडळाचा कारभार ज्याच्या हाती होता त्याचे नाव ताम्रपटात 'मधुमती' असे आले आहे आणि तो 'ताजिक', म्हणजे अरब, असल्याचे म्हटले आहे. मधुमती हे मुहंमद या नावाचे संस्कृत रूप होय, असे अभ्यासकांनी दाखविले आहे. या मुहंमदाने काय केले? नदीनाले ओलांडण्यासाठी लोकांकरिता फुकट नावा ठेवल्या. संजाण येथे अन्नछत्र घातले, जेथे वाटसरूला भात, कालवण आणि तूप मिळे. आणि एका ब्राह्मणाने बांधलेल्या भगवतीच्या मठाला जमीन देण्यास संमती दिली. हा ताम्रपट त्याच दानाचा आहे.

इ. स. १०३४ च्या दुसऱ्या एका चिंचणी ताम्रपटात नगरातील प्रमुख मंडळींची नावे आहेत. त्यांत 'अल्लिय' आणि 'मधुमत' अशी नावे येतात. हे अली आणि मुहंमद असावेत. संस्कृत लिहिणाऱ्या लेखकाला ही नावे परकी वाटली नाहीत. त्याने ती आपल्या उच्चाराप्रमाणे सहज लिहून टाकली, जसे शेजाऱ्याचे नाव आपण लिहितो.

दुसरा मुक्काम : अंबरनाथचे शिवमंदिर

आता गाडी पकडू या. हीच ती लोहमार्गाची वाट, जिच्यावरून १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी आली आणि पुढच्याच वर्षी कल्याणपर्यंत रूळ पोहोचले. कल्याण मागे टाकून कर्जतच्या बाजूने गेले की अंबरनाथ येते. स्टेशनाच्या पूर्वेला काही अंतरावर वालधुनी नदीच्या काठी काळ्या दगडाचे एक देऊळ उभे आहे.

येथे शांतपणे चला. हे नुसते पाहण्याचे स्थळ नाही. येथे नित्य पूजा होते आणि महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळात कसे वागावे, हे आपल्या घरात शिकवलेले असतेच.

प्रथम बाहेरून एक फेरी मारा. भिंत कोठेही सपाट नाही. ती कोनाकोनांनी पुढे-मागे येते, त्यामुळे दिवसभर ऊन-सावलीचा खेळ तिच्यावर चालतो. तळाशी हत्तींची रांग आहे, वर देवदेवता, नर्तकी आणि वेलपत्ती आहेत. शिखर पुष्कळसे ढासळले आहे, पण उरलेला भाग नीट पाहा. उभ्या पट्ट्यांच्या मधल्या जागेत लहान लहान शिखरे एकावर एक रचली आहेत. या पद्धतीला भूमिज शैली म्हणतात. दख्खनमधील या शैलीच्या सर्वांत जुन्या देवळांत अंबरनाथची गणना होते. आत सभामंडपात चार कोरीव खांब आहेत आणि वर घुमटाकार छत आहे. तेथून गाभाऱ्यात जाण्यास पायऱ्या चढायच्या नसून उतरायच्या आहेत. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे आणि वरून त्यात आकाशाचा उजेड येतो.

आणि आता माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. उत्तरेकडील दाराच्या वरच्या तुळईवर आतल्या बाजूने एक लेख कोरलेला आहे. त्यात शिलाहार राजा मम्मुणी याचे नाव आहे. त्याचा भाऊ छित्तराज याच्या काळात सुरू झालेले देऊळ मम्मुणीने पुरे केले, असे अभ्यासक मानतात. किल्ल्यात सापडलेल्या ताम्रपटाचा अरिकेसरी हा या दोघांचा चुलता.

हा लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी वाचला. भाऊ दाजी म्हणजे मुंबईचे नामवंत वैद्य आणि थोर संशोधक. त्यांनी लेखातील शक ७८२ असा वाचला. त्या हिशेबाने देऊळ इ. स. ८६० चे ठरले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच लेख पुन्हा तपासला आणि पहिला आकडा सात नसून नऊ आहे असे दाखविले. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०. एका आकड्याने देवळाचे वय दोनशे वर्षांनी बदलले! भगवानलाल हे भाऊ दाजींच्याच हाताखाली तयार झालेले. गुरूची चूक शिष्याने दुरुस्त केली, आणि त्यात गुरूचा मान काही कमी झाला नाही. विद्येच्या प्रांतात असेच चालते. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, आदर ठेवा, पण दगडावरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

तिसरा मुक्काम : कल्याणचा मकबरा

डबा खाऊन परतीच्या वाटेवर कल्याणला उतरू. कल्याण हे ठाण्याहूनही जुने बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात त्याचे नाव आहे आणि कान्हेरीच्या लेण्यांतील लेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांची नोंद आहे. मोगल अमलात या शहरास इस्लामाबाद असेही म्हणत.

काळ्या तलावाच्या परिसरात या, जो जुन्या कागदांत शेणाळे तलाव म्हणून येतो. येथे काळ्या दगडाची काळी मशीद आहे, आणि येथेच मोहतबरखानाचा मकबरा आहे. हा खान कोण? १८८२ साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने एक लोकपरंपरा नोंदविली आहे. तो शाहजहानचा वजीर होता आणि औरंगजेबाने बापाला कैद केल्यावर त्याची रवानगी कल्याणास झाली, अशी ती कथा. ऐकायला ती फार हृद्य आहे. परंतु मोगल काळाच्या इतिहासकारांना कल्याणचा मातबरखान ठाऊक आहे तो वेगळ्या रूपात. तो औरंगजेबाचाच अधिकारी होता. १६८९ च्या सुमारास त्याने कल्याण आणि आसपासचे किल्ले मोगलांसाठी घेतले आणि नंतर बरीच वर्षे या मुलखाचा कारभार पाहिला. एका कथेत तो बादशहाच्या रोषाचा बळी आहे, तर दुसरीत त्याच बादशहाचा भरवशाचा सरदार. जे ऐकायला गोड लागते ते खरे असेलच असे नाही, हा इतिहासाचा पहिला धडा मुलांनी येथे गिरवावा.

याच मकबऱ्यापाशी एका सहलीत घडलेली गोष्ट सांगतो. जुन्या दगडी कामावर फारसी लेख असतात, असे मी मुलांना सांगितले. तेव्हा एकाने मला विचारले, "सर, तुम्हाला येते का वाचता?" मला येत नव्हते. सोबत आलेल्या पालकांपैकी कोणालाही येत नव्हते. अंबरनाथचा लेख वाचणारा तेथेही आमच्यात कोणी नव्हता. मी मान खाली घातली. त्या दिवशी मिसरची आठवण झाली. तेथील शेवटचा चित्रलिपी लेख इ. स. ३९४ चा. त्यानंतर ती लिपी जाणणारा माणूस उरला नाही आणि भिंती चौदाशे वर्षे मुक्या राहिल्या. १८२२ साली शांपोल्याँने ती लिपी उलगडली, तेव्हा त्या पुन्हा बोलू लागल्या. दगड जागच्या जागी होता, हरवला होता तो वाचणारा.

पालकहो, माझे मागणे फार मोठे नाही. मुलाला डॉक्टर करा, इंजिनियर करा, जरूर करा. पण शंभरांतून एखाद्या मुलामुलीला फारसीची किंवा संस्कृतची, मोडीची किंवा जुन्या लिप्यांची ओढ लागली, तर "यात पोट भरेल का?" असे म्हणून तिला अडवू नका. भाऊ दाजी वैद्यकी करीतच लेख वाचत होते. आणि विद्यार्थी मित्रहो, देऊळ असो वा मकबरा, दगडावर खिळ्याने आपले नाव कोरू नका. हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने तेथे आपले नावसुद्धा लिहिले नाही.

आता त्या मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. हे सारे आपले का? खानाच्या नावाकडे पाहा. मूळ अरबी शब्द 'मुअतबर', म्हणजे विश्वासाचा. मराठीत तो 'मातबर' झाला, आणि आज कोणत्याही गावातला कोणताही माणूस तो शब्द सहज बोलतो. किल्ला, कैदी, इमारत, तारीख हे शब्दही असेच आले आणि घरचे झाले. तिकडे संजाणच्या मुहंमदाचे नाव संस्कृतात 'मधुमती' झाले आणि मठाच्या दानपत्रात कोरले गेले. जेथे आपले शब्द त्यांच्या भाषेत आणि त्यांची लिपी आपल्या नावांत मिसळली, तेथे तुझे-माझे अशी वाटणी कोणत्या रेघेवर करणार?

संध्याकाळची लोकल पकडून आपण पुन्हा ठाण्यास उतरू. वागळे इस्टेटमध्ये तेव्हा दिवसपाळी सुटलेली असेल. येत्या सुट्टीत एक रविवार काढा आणि मुलांना घेऊन जा. सोबत एक वही आणि पेन्सिल घ्या, आणि जे दिसेल ते मुलांना लिहून ठेवायला सांगा.