शब्दवेध : स्लाइड स्टॉप

स्लाइड स्टॉप ही पिस्तुलाच्या बाजूची छोटी खिटी. शेवटची गोळी सुटली की रिकाम्या मॅगझिनमधली पट्टी तिला वर रेटते. खिटी स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या, खाचेत अडकते आणि स्लाइड मागेच थांबते.

‘स्टॉप’ या शब्दाचे मूळ लॅटिन ‘स्टुपा’मध्ये मानतात. स्टुपा म्हणजे जवसाच्या धाग्यांचा जाडाभरडा चोथा. तो कोंबून भोक बुजवणे हा जुना अर्थ. थांबवणे हा पुढचा. ‘रिलीज’ मात्र लॅटिन ‘रिलॅक्सारे’पासून, म्हणजे सैल करणे, फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. एकाच खिटीला ही दोन्ही उलटी नावे मिळाली आहेत. एम१९११ पिस्तुलात ती ‘स्लाइड स्टॉप’, ग्लॉककडे ‘स्लाइड स्टॉप लिव्हर’, तर हेकलर अँड कोखकडे ‘स्लाइड रिलीज’.

भरलेले मॅगझिन बसवून खिटी अंगठ्याने दाबली की स्लाइड पुढे जाते, म्हणून ‘रिलीज’ खोटे नाही. पण ग्लॉक ४३ सारख्या आटोपशीर पिस्तुलात ही खिटी बारीक, अंगालगत बसवलेली असते आणि स्प्रिंग ताठ असते. अंगठ्याचे बळ तिथे कमी पडू शकते. स्लाइड हाताने मागे खेचून सोडली तर खिटी आपोआप उतरते, स्प्रिंगलाही जरा जास्त धाव मिळते. वॉल्थर पीपीकेला तर बाहेर अशी खिटीच नाही. तिथे खेचण्यावाचून गत्यंतर नाही.

थांबवणे हे खिटीचे स्वतःचे काम, सोडणे हे अंगठ्याचे. त्यामुळे ‘स्टॉप’ हेच नाव अधिक नेमके.