बालभारती : पाठ्यपुस्तकाच्या पानावरून वर्गातल्या पडद्यावर

महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाची स्थापना २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात झाली. त्याच्या आदल्याच वर्षी कोठारी आयोगाने आपला अहवाल केंद्र सरकारला सादर केला होता. शालेय पुस्तकांचा दर्जा उंचावण्याची जबाबदारी राज्यांनी घ्यावी, असा या अहवालाचा आग्रह होता. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे. त्यामुळे महाराष्ट्राने हा आग्रह लगोलग मनावर घेतला यात नवल नाही. तोवर शाळांतून खासगी प्रकाशकांच्या वाचनमाला चालत. आचार्य अत्रे यांच्या ‘नवयुग वाचनमाले’सारख्या काही उत्तम, तर काही नुसत्या खपाऊ. एका इयत्तेला सबंध राज्यात एकच पुस्तक, तेही परवडणाऱ्या किमतीत आणि वेळेवर, हे मंडळाचे पहिले उद्दिष्ट ठरले. मंडळाचे अधिकृत नाव कागदोपत्री राहिले आणि लोकांच्या तोंडी ‘बालभारती’ हेच नाव रुळले.

प्राथमिक वर्गातील तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिणारे बहुधा संगणकापासून सुरुवात करतात. बालभारतीच्या बाबतीत तो छपाईपासूनच सुरू करावा लागतो. ज्या शाळेत नकाशा, तक्ता आणि खडू-फळा एवढीच सामग्री होती, तेथे पुस्तकातले चित्र हेच सर्वांत प्रभावी दृश्यसाधन होते. समुद्र न पाहिलेल्या मराठवाड्यातल्या मुलाला गलबत दिसले ते पुस्तकातच. मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड, तेलुगू आणि सिंधी अशा आठ माध्यमांची पुस्तके तयार करून ती जूनपूर्वी गावोगाव पोहोचवणे हे काम बाहेरून दिसते त्याहून कितीतरी किचकट आहे. विषयसमित्यांवरील शिक्षक, भाषांतरकार, चित्रकार, मुद्रितशोधक, छपाई कामगार आणि भांडारातले हमाल या सर्वांचे हात त्याला लागले. त्यांची नावे क्वचितच कुणाच्या लक्षात राहिली. १९७१च्या नोव्हेंबरमध्ये ‘किशोर’ मासिक निघाले आणि अभ्यासाच्या पुस्तकाला अवांतर वाचनाची जोड मिळाली.

पुढचा टप्पा दूरचित्रवाणीचा. ऑगस्ट १९८३मध्ये इन्सॅट-१बी हा उपग्रह अवकाशात गेला आणि शिक्षणासाठी दूरचित्रवाणीचा वापर करण्याची योजना प्रत्यक्षात आणणे शक्य झाले. सहा राज्यांत शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या संस्था उभ्या राहिल्या, त्यांपैकी महाराष्ट्राची संस्था १९८४मध्ये पुण्यात सुरू झाली. तीच ‘बालचित्रवाणी’. पाच ते आठ आणि नऊ ते अकरा अशा दोन वयोगटांसाठी छोटे कार्यक्रम तयार होत आणि दूरदर्शनवरून प्रक्षेपित होत. बाहुल्या, गाणी, विज्ञानाचे सोपे प्रयोग, किल्ले, नद्या, कारखाने असे विषय त्यांत असत. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या मराठी माणसाला ‘बालचित्रवाणी’ची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही, यातच त्या कामाची पावती आहे.

तरीही अडचणी होत्या, आणि त्या झाकून ही वाटचाल सांगता येणार नाही. प्रक्षेपणाची वेळ ठरलेली असे, वर्गातला पाठ मात्र आपल्या गतीने चाले. गुरुजी बेरजेवर असताना पडद्यावर बेडकाचे जीवनचक्र सुरू व्हायचे. कार्यक्रम थांबवता येत नसे आणि पुन्हा दाखवताही येत नसे. अनेक गावांत वीजच नव्हती, आणि होती तेथे भारनियमन. संच महाग, त्यामुळे चोरीच्या आणि मोडतोडीच्या धास्तीने तो मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कपाटात कुलूपबंद राही. साहित्याच्या नोंदवहीत मात्र त्याची नोंद दरवर्षी बिनचूक होई. कार्यक्रम चांगले होते. वर्गाच्या वेळापत्रकाशी त्यांचा सांधा जुळला नव्हता, इतकेच.

पुढे कॅसेटी आल्या, मग सीडी आल्या. सर्व शिक्षा अभियानातून संगणकसहाय्यित अध्ययनासाठी निधी आला आणि उच्च प्राथमिक वर्गांपर्यंत संगणक पोहोचले. या टप्प्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. यंत्र आले, पण शिकवायच्या पाठाशी ते जोडले जायचे राहिलेच.

खरी हालचाल खालून झाली. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकाने सौरऊर्जेवर चालणारी डिजिटल शाळा उभी केली. ती पाहायला राज्यभरातून शिक्षक येऊ लागले. २२ जून २०१५ रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला. त्यानंतर शाळा डिजिटल करण्यासाठी गावोगाव लोकवर्गणी जमली. कुठे यात्रेतली शिल्लक शाळेला मिळाली, कुठे मुंबई-पुण्यात नोकरीला असलेल्या गावकऱ्यांनी प्रोजेक्टर दिला, कुठे शिक्षकांनीच पदरमोड केली. ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द याच काळात शाळांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदांतून सर्वतोमुखी झाला. ज्यांनी आयुष्यात संगणकाला हात लावला नव्हता असे शिक्षक मोबाइलवर चित्रफिती जोडू लागले, कवितांना चाली लावून त्या ध्वनिमुद्रित करू लागले. काही चित्रफिती ओबडधोबड होत्या, हे खरे. पण त्यांत मुलांच्या बोलीतला आवाज होता.

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडी हे या वाटचालीतले महत्त्वाचे ठिकाण. तेथील जिल्हा परिषद शाळेत २००९मध्ये रणजितसिंह डिसले रुजू झाले तेव्हा शाळेची इमारत गुरांचा गोठा आणि अडगळीची खोली यांच्यामध्ये कशीबशी उभी होती. वर्गात कन्नड बोलणारी मुले होती आणि पुस्तकाची भाषा त्यांना परकी होती. डिसले यांनी पुस्तकातल्या धड्यांना क्यूआर कोड जोडले. कोडवर मोबाइल धरला की त्या धड्याची गोष्ट, कविता किंवा चित्रफीत उघडे. क्यूआर कोड हा मूळचा १९९४मधला जपानी शोध, मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी केलेला. माढा तालुक्यातल्या शाळेत तो बालगीतासाठी वापरला जाईल, असे त्याच्या निर्मात्यांच्या ध्यानीमनीही नसणार. साधन तेच, पण आता ते पाठाच्या मागे धावत नव्हते. ते पाठातच बसले होते.

बालभारतीने ही कल्पना उचलली. हा निर्णय संस्थेच्या इतिहासात महत्त्वाचा मानला पाहिजे, कारण एका खेडेगावातल्या शिक्षकाचा प्रयोग राज्याच्या पाठ्यपुस्तकात येणे ही सरकारी व्यवस्थेत नेहमी घडणारी गोष्ट नव्हे. प्रायोगिक वापरानंतर २०१७मध्ये राज्यभरातील पुस्तकांत क्यूआर कोड घेण्याचे ठरले. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला केंद्र सरकारच्या ‘दीक्षा’ या डिजिटल व्यासपीठाचे उद्घाटन झाले आणि पुस्तकातले कोड पुढे त्याला जोडले गेले. २०१८मध्ये तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकासमंत्री प्रकाश जावडेकर यांनी एनसीईआरटीच्या पुस्तकांतही असे कोड घेण्याचे जाहीर केले. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झाले, आणि दहा लाख डॉलरच्या या पुरस्कारातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

हा कोड वर्गात कसा वापरला जातो ते जवळून पाहण्यासारखे आहे. पुस्तकाच्या पहिल्या पानावरचा कोड सगळे पुस्तक डिजिटल स्वरूपात उघडतो आणि धड्यातला कोड त्या धड्यापुरते दृक्-श्राव्य साहित्य देतो. प्रत्येक कोडखाली सहा अक्षर-अंकांची एक खूण छापलेली असते. पान मळले, फाटले किंवा कॅमेरा कामातून गेला तर ती खूण टाइप केली की काम होते. दुर्गम भागातल्या शाळेत रेंज नसते. तेथल्या बाई तालुक्याच्या गावीच आठवड्याचे साहित्य मोबाइलमध्ये उतरवून घेतात आणि वर्गात इंटरनेटशिवाय दाखवतात. द्विशिक्षकी शाळेत दोन इयत्ता एकत्र बसतात. तिसरीची मुले परिसर अभ्यासाची चित्रफीत पाहत असताना बाई चौथीचा भागाकार घेतात. चित्रफीत संपली की बाई तिसरीकडे वळतात आणि पाणी कुठून आले, ढग कसा झाला, हे मुलांकडून वदवून घेतात. शिकणे होते ते या शेवटच्या पाच मिनिटांत. बालभारतीच्या पुस्तकांतील स्वाध्याय आणि ‘काय करावे बरे?’सारखे प्रश्न याच पाच मिनिटांसाठी लिहिलेले असतात.

‘बालचित्रवाणी’ला मात्र हे दिवस पाहता आले नाहीत. केंद्राचे अनुदान थांबल्यानंतर संस्थेची ओढाताण सुरू झाली, कर्मचाऱ्यांचे पगार रखडले, आणि २०१७मध्ये राज्य शासनाने ती बंद केली. तीन दशकांहून अधिक काळ कॅमेऱ्यामागे उभ्या राहिलेल्या माणसांच्या वाट्याला आलेला हा शेवट त्यांच्या कामाला शोभणारा नव्हता. दृक्-श्राव्य निर्मितीची जबाबदारी त्यानंतर ‘ई-बालभारती’कडे आली.

मार्च २०२०मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि आजवरच्या सगळ्या तयारीची कसोटी लागली. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात संकेतस्थळावर मोफत होती, म्हणून छापील पुस्तक हाती येण्याआधीच अभ्यास सुरू होऊ शकला. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही अभ्यासमाला शिक्षकांच्या व पालकांच्या गटांतून पाठवायला सुरुवात केली. जुलै २०२०पासून एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने तयार केलेली ‘टिलीमिली’ ही मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सह्याद्री वाहिनीवर आली. बालभारतीच्याच पाठांवर ती आधारलेली होती. ‘बालचित्रवाणी’ बंद होऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती आणि मुलांना पुन्हा दूरचित्रवाणीचाच आधार घ्यावा लागला, याची नोंद इतिहासाने घेतलेली बरी.

त्या काळात घरात एकच मोबाइल असायचा आणि तोही वडिलांबरोबर कामावर जायचा. कित्येक पाड्यांवर तोही नव्हता. पालघर जिल्ह्यातल्या दांडवळ गावी दिगंत स्वराज फाउंडेशनने ध्वनिवर्धकावरून ‘बोलकी शाळा’ चालवली. मुले झाडाखाली अंतर राखून बसत आणि ध्वनिमुद्रित पाठ ऐकत. ठिकठिकाणचे शिक्षक पारावर, ओट्यावर, देवळाच्या सभामंडपात छापील पुस्तके घेऊन बसले. या दोन वर्षांत एक गोष्ट निर्विवाद ठरली. पडदा नव्हता तेथेही पुस्तक होते, आणि पुस्तक हाती होते म्हणून शिक्षकाला सुरुवात करता आली.

आज पुण्यातील सेनापती बापट मार्गावरील मुख्यालयातून बालभारतीचे काम छापील आणि डिजिटल अशा दोन्ही अंगांनी चालते. ‘किशोर’ने २०२१मध्ये पन्नाशी गाठली. त्याचे १९७१पासूनचे जुने अंक आता कोणालाही विनामूल्य वाचता येतात, आणि भाषेच्या तासाला त्यांचा उपयोग करणारे शिक्षक वाढत आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२५-२६पासून पहिलीसाठी नवा अभ्यासक्रम लागू झाला असून पुढील इयत्तांची पुस्तके टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. प्रत्येक नव्या पुस्तकाबरोबर दृक्-श्राव्य साहित्यही नव्याने करावे लागणार आहे. त्यासाठी विषयसमित्यांना वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकांची गरज पूर्वीइतकीच आहे.

एक जुने दुखणे अजून पुरते गेलेले नाही. लोकवर्गणीतून आलेले पडदे आणि संगणक वीजबिल थकल्यामुळे बंद पडल्याच्या तक्रारी अनेक जिल्हा परिषद शाळांतून येत राहिल्या आहेत. शाळेला पडदा देणाऱ्या ग्रामपंचायतींनी, माजी विद्यार्थ्यांनी आणि दात्यांनी त्या पडद्याच्या विजेची आणि दुरुस्तीची तरतूदही आपल्या देणगीतच धरावी, ही विनंती.