वैशाखातला वाडा

1731 सालच्या पुण्यात तुम्ही उभे आहात. मुठेच्या काठी थोरल्या बाजीराव पेशव्यांचा शनिवारवाडा उठतो आहे. पाया गेल्या वर्षी, 10 जानेवारीला घातला. बैलगाड्यांची रांग लागली आहे. गाडीवानांना गाव विचारा. सागाचे ओंडके जुन्नरच्या रानातले, दगड चिंचवडच्या खाणीतला, चुना जेजुरीकडचा. सगळ्यांत लांबचा मालही शंभर किलोमीटरच्या आतला. बैलाने ओढून आणायचं म्हटलं की आसपासच्या मातीशी, दगडाशी जमवून घेणं भागच असतं.

चुन्याच्या घाणीपाशी थांबा. बैल गोल फिरतोय, चरातून दगडी चाक कुरकुरत जातंय, चुना आणि वाळू एकजीव होतेय. कारागीर त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचा काढा ओततो. हा चुना सावकाश मुरतो. चुनखडी भट्टीत भाजताना जो कार्बन डायऑक्साइड सुटला, त्यातला काही भाग भिंत वर्षानुवर्षं हवेतून परत घेत राहते आणि तसतशी टणक होते. उद्या वाडा उतरवायची वेळ आली, तर चुन्यातली वीट बहुधा अखंड सुटेल, दुसऱ्या भिंतीत जाईल.

आता 1790 मध्ये या. वैशाखातली भर दुपार. सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या दिंडीतून वाकून आत शिरा. बाहेर फुफाट्यात पाय पोळत होते. देवडी ओलांडून ओसरीवर आलात आणि कपाळावरचा घाम सुकायला लागला. घरातल्या आजी तांब्याभांडं घेऊन येतात. "टेका हो इथे. उन्हातनं आलात, आधी गुळाचा खडा तोंडात टाका, मग पाणी."

टेकता टेकता भिंतीला तळवा लावा. गार आहे. सकाळपासून ती बाहेरून तापतेय, पण एवढ्या जाडीतून उष्मा आत पोचायला कित्येक तास लागतात. तोवर दिवस कलतो. पोचलेली ऊब रात्री त्रास देते, म्हणून माणसं तेव्हा चौकात नाहीतर गच्चीवर अंथरुणं टाकतात. त्याच रात्री उघड्या आभाळाखाली चौक निवतो. थंड हवा जड, ती खाली बसते, ओसरीत आणि माजघरात पसरते. तापलेली हवा हलकी, ती वर चढून कौलांच्या फटींतून निघून जाते. दक्षिणेच्या ओसरीवर पुढे काढलेली वळचण उन्हाळ्यातलं माथ्यावरचं ऊन अडवते, थंडीतलं तिरपं ऊन मात्र आत येऊ देते.

तांब्यातलं पाणी कात्रजच्या तलावातलं. नानासाहेब पेशव्यांनी 1750 च्या सुमारास बांधलेल्या नळातून ते शहरातल्या हौदांत येतं. नळ जमिनीखालून, नुसत्या उतारावर वाहतो. वाटेत हवा कोंडू नये म्हणून ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले आहेत. वर्षानुवर्षं हे पाणी कोणत्याही इंधनाशिवाय पुण्यात येत राहिलं.

पण 1828 देखील पाहून घ्या. शनिवारवाड्याला आग लागली आहे. जुन्नरचा साग दिवसचे दिवस जळतो आणि शेवटी दगडी तट, दरवाजे, जोती एवढंच उरतं. वाडा जसाच्या तसा पुन्हा बांधायचं स्वप्न इथेच सोडून द्यायला हवं. आजच्या पुण्याला पुरेल एवढा साग सह्याद्रीत नाही, आणि असता तरी तो तोडू नये.

परत आपल्या काळात या. जगभरात माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी 7 ते 8 टक्के एकट्या सिमेंटचा आहे. पश्चिमेच्या काचेतून तिसऱ्या प्रहराचं ऊन घरात घ्यायचं, मग एसी लावून तीच उष्णता गल्लीत फेकायची आणि शेजाऱ्याचं घर तापवायचं, असं आपण बांधत आलो आहोत. वाड्याने शिकवलेलं मात्र काँक्रीटच्या इमारतीतही करता येतं. पश्चिमेला जिना, कपाटं किंवा जाड भिंत घ्या. खिडकीवर पुरेसा खोल छज्जा काढा. समोरासमोर खिडक्या ठेवा. गच्चीला पांढरा रंग द्या. पावसाचं पाणी टाकीत साठवा किंवा जमिनीत जिरवा. राखेच्या विटा वापरा. जुनी दारं, फरश्या पुन्हा बसवा.

यातल्या बऱ्याच गोष्टी नकाशा कागदावर असताना जवळजवळ फुकटात होतात. भिंती उभ्या राहिल्यावर राहून गेलेल्या गोष्टींची किंमत दर महिन्याच्या वीजबिलात भरावी लागते, घर उभं आहे तोवर. म्हणून वास्तुविशारदासमोर बसाल तेव्हा किती खोल्या हे सांगण्याआधी विचारा: या जागेवर ऊन कुठून येतं, वारा कुठून येतो आणि पाणी कुठे जातं? हे प्रश्न विचारणारा घरमालक स्वतःचे पैसे वाचवतोच, शिवाय सगळ्या गल्लीचा उन्हाळा थोडा सुसह्य करतो.