हवापालटाचे बेट

आमच्या आजोबा-पणजोबांच्या काळी 'हवापालट' हा शब्द घरोघरी ऐकू येई. कोणाचा खोकला हटेना, संध्याकाळचा बारीक ताप उतरेना, की वैद्य-डॉक्टर औषधाबरोबर एखादे गावही सुचवीत. कोणी पाचगणीस जाई, कोणी समुद्रकाठच्या आप्तांकडे महिना-दोन महिने राही. पुष्कळदा तो हवापालट आशेपेक्षा निरोपाचाच असे. परंतु तसे कोणी बोलून दाखवीत नसे.

एकोणिसाव्या शतकातील युरोपच्या धनिक वर्गाचे असे एक नावाजलेले हवापालटाचे ठिकाण म्हणजे अटलांटिक महासागरातील मदैरा हे बेट. लिस्बनच्या नैर्ऋत्येस सुमारे हजार किलोमीटरांवर असलेल्या या पोर्तुगीज बेटावर आजही लोक हिवाळा घालविण्यासाठी जातात. ऐन जानेवारीतही फुंशाल या राजधानीत दिवसाचे तापमान एकोणीस-वीस अंशांच्या आसपास असते आणि बागा फुललेल्या असतात. तेथे पाहुण्यांचा हिवाळा कसा जातो आणि त्यांच्या प्रत्येक विरंगुळ्याच्या मागे कोणते श्रम उभे आहेत, हे पाहण्याचा आमचा हेतू आहे.

प्रथम आपल्या बाजूचा एक धागा सांगणे योग्य होईल. १४१९ साली पोर्तुगीज दर्यावर्दी या निर्जन बेटावर उतरले आणि थोड्याच वर्षांत तेथे वसाहत झाली. १५३४ मध्ये गोव्याचा ख्रिस्ती धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हा काही काळ तो फुंशालच्याच आर्चबिशपच्या अधिकारात होता. पुढे हिंदुस्थानाकडे येणारी इंग्रज जहाजे येथे थांबून मदैरा मद्याची पिंपे भरून घेत. विषुववृत्ताच्या उष्म्यातून जाऊन परतलेले मद्य अधिक चवदार होते असा अनुभव आल्यावर काही पिंपे केवळ हा प्रवास घडावा म्हणून जहाजांवर चढविली जाऊ लागली. पुढे तीच ऊब बेटावरच्या कोठारांत मिळू लागली. फुंशालची ती जुनी कोठारे पाहणे हा आजच्या हिवाळी पाहुण्यांचा एक ठरलेला कार्यक्रम आहे.

हवापालटाची रीत रूढ झाली ती क्षयामुळे. सौम्य समुद्री हवेने क्षय बरा होतो अशी तेव्हाच्या वैद्यांची समजूत होती. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ १८६०च्या नोव्हेंबरात येथे आली आणि पुढल्या एप्रिलपर्यंत राहिली. ब्राझिलची राजकन्या मारिया अमेलिया हिच्या वाट्याला मात्र परतीचा प्रवास आला नाही. ४ फेब्रुवारी १८५३ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तिने फुंशाल येथे देह ठेवला. तिच्या मातेने कन्येच्या स्मरणार्थ क्षयरोग्यांसाठी रुग्णालय उभारले. परदेशी रुग्णांची थडगी आजही फुंशालच्या इंग्रज दफनभूमीत आहेत.

येथेच या इतिहासाची दुसरी बाजू समोर येते. ज्या दशकांत श्रीमंत रुग्ण जगण्याच्या आशेने फुंशाल बंदरात उतरत होते, त्याच दशकांत त्याच बंदरातून धडधाकट बेटवासी पोटासाठी देश सोडत होते. १८४६-४७ मध्ये बटाट्यावर रोग पडून दुष्काळ ओढवला. १८५२ मध्ये द्राक्षवेलींवर बुरशी पसरून मद्याचा व्यापार बसला. दक्षिण अमेरिकेतील डेमरारा येथील उसाच्या मळ्यांकडे मदैरावासीयांचे जाणे १८३५ पासूनच सुरू झाले होते. १८८२ पर्यंत ब्रिटिश गियानात तीस हजारांवर पोर्तुगीज उतरले. त्यांतील बहुसंख्य मदैराचे होते. त्याच मळ्यांवर १८३८ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले जाऊ लागले, हेही ध्यानात ठेवावे.

मागे राहिलेल्यांनी पाहुण्यांच्या आधारे पोट भरले. चढ-उताराच्या, गोटे बसविलेल्या रस्त्यांवर चाकाची गाडी चालणे कठीण. म्हणून आजाऱ्यांना झोळीत घालून दोन गडी खांद्यावरून वाहून नेत. बैलांनी ओढायच्या बिनचाकी घसरगाड्याही निघाल्या. १८५०च्या सुमारास मोंते या टेकडीवरच्या गावातून खाली येण्यासाठी वेताच्या विणीची, लाकडी पट्ट्यांवर घसरणारी गाडी प्रचारात आली. पांढरे कपडे व गवती टोपी घातलेले दोन गडी ती दोरांनी आवरीत धावतात आणि आपल्या जाड तळाच्या बुटांनी वेग रोखतात. सुमारे दोन किलोमीटरांची ही घसरण आज पाहुण्यांची मोठी गंमत झाली आहे.

पायी फिरणाऱ्यांना ओढ असते ती 'लेवादा' नावाच्या पाटांची. बेटाच्या उत्तरेस पाऊस भरपूर, दक्षिणेची शेते कोरडी. म्हणून पंधराव्या शतकापासून डोंगराच्या कडा फोडून हे पाट काढण्यात आले. आरंभी ते प्रामुख्याने उसासाठी होते आणि त्या कामात गुलामांचेही हात राबले. पाटाची देखरेख करणाऱ्याने चालावे म्हणून ठेवलेली अरुंद वाट हीच आज पाहुण्यांची पायवाट आहे. ज्या प्राचीन लॉरेल वृक्षांच्या अरण्यातून यांतील काही वाटा जातात, त्याला १९९९ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला.

बाजारात मिळणारे नाजूक भरतकामही असेच. द्राक्षांचा व्यापार बुडाल्यानंतरच्या त्या दशकात एलिझाबेथ फेल्प्स या इंग्रज मद्यव्यापाऱ्याच्या कन्येने बेटावरील स्त्रियांचे हे काम इंग्लंडात विकण्याची व्यवस्था केली आणि अनेक चुली पेटत्या राहिल्या.

१८८२ मध्ये रॉबर्ट कॉक यांनी क्षयाचा जंतू शोधून काढला. रोगी थंड डोंगरांतील आरोग्यधामांकडे वळू लागले आणि मदैरात रोग्यांची जागा सहलीसाठी येणाऱ्यांनी घेतली. लहानपणी स्कॉटलंडहून येऊन येथेच स्थिरावलेल्या विल्यम रीड यांचे प्रख्यात हॉटेल १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, सुरू झाले. १९५०च्या जानेवारीत विन्स्टन चर्चिल तेथे उतरले आणि जवळच्या कामारा द लोबुश या कोळ्यांच्या गावी चित्र रंगवीत बसले.

नाताळापूर्वी नऊ दिवस पहाटेच्या प्रार्थना होतात. त्यानंतर चर्चच्या अंगणात गाणे-बजावणे व खाणे-पिणे चालते. वर्षअखेरीच्या मध्यरात्री फुंशालच्या डोंगरउतारावर दारूकाम होते. २००६ सालच्या दारूकामाची गिनेस बुकात जगातील सर्वांत मोठे म्हणून नोंद झाली. बंदरातील जहाजांवरून पाहुणे ते पाहतात आणि परदेशी गेलेले बेटवासीही या दिवसांत घरी येतात.

आपली घराणी पिढ्यांमागे घर सोडून परमुलखात आली आणि तेथलीच झाली. गाव सोडणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणून हिवाळ्यात कोठेही हवापालटास गेलो, तर तेथली हवा, बागा व खेळ यांचा आनंद अवश्य घ्यावा. पण पायाखालची वाट कोणी फोडली आणि त्या गावातून कोण कोठे निघून गेले, एवढी चौकशी तेथील एखाद्या वडीलधाऱ्या माणसापाशी बसून जरूर करावी. आपल्या पूर्वजांविषयीही कोणी अशी चौकशी केली असती, तर आम्हांस बरेच वाटले असते.