सेवाग्रामचा लसूण

आषाढांत कांदेनवमी साजरी करावयाची आणि पुढें चार महिने कांदा-लसूण स्वयंपाकघराबाहेर ठेवावयाचा, हा रिवाज महाराष्ट्रांतील पुष्कळ घरीं परिचित आहे. अशा समाजांत आश्रमाच्या पंक्तीस लसूण बसला, ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नव्हे.

१९३४ सालीं वर्ध्यास अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाज यांनीं दिलेल्या मगनवाडींत गांधीजींचे आहाराचे प्रयोग सुरू झाले. सोयाबीन, कच्चा पाला, कडुनिंबाच्या पानांची चटणी, असें कांहीं ना कांहीं ताटांत येई; सर्वांनाच तें रुचे असें नाहीं! १९३५ च्या अखेरीस रक्तदाब वाढून गांधीजी आजारी पडले. ३० एप्रिल १९३६ रोजीं ते शेगांवीं गेले. याच गांवाचें नांव १९४० मध्यें सेवाग्राम झालें. तेथील स्वयंपाकांत मसाल्यांना थारा नव्हता. पण रक्तदाबाकरितां गांधीजी स्वतः ठेचलेला कच्चा लसूण खात. सोवळीं घरें ज्याला तामसी म्हणत, तेंच वऱ्हाडी कुणब्याचें भाकरीबरोबरचें तोंडीलावणें होतें.

जुन्या वैद्यांना तर लसूण कधींच वर्ज्य नव्हता. काश्यपसंहितेंत लशुनकल्प आहे. १८९० मध्यें मध्य आशियांतील कुचा येथें सांपडलेल्या बॉवर हस्तलिखितांतहि लशुनाचें विस्तृत गुणवर्णन आहे.

ठेचण्यानें काय साधतें, याचा उलगडा मागाहून झाला. १९४४ सालीं कॅव्हॅलिटो व बेली या अमेरिकन संशोधकांनीं लसणांतून ॲलिसिन हें जंतुनाशक द्रव्य वेगळें काढलें. पेनिसिलीनच्या मानानें त्याचें बळ थोडें. मात्र पेनिसिलीनला दाद न देणाऱ्या कांहीं जंतूंनाहि तें रोखी. मौज अशी कीं, अखंड पाकळींत ॲलिसिन नसतेंच. ॲलिइन हें द्रव्य आणि त्याचें रूपांतर करणारें विकर हीं पाकळींत अलग असतात. पाकळी ठेचली कीं दोहोंची गांठ पडते व तो उग्र दर्प सुटतो. अखंड पाकळी शिजविली तर विकर निकामी होतें, आणि वासाबरोबर हा गुणहि बराचसा जातो.

कांचेच्या नळींत जंतु मरतात म्हणून पोटांत घेतलेला लसूण रोग बरा करील, असें मात्र समजूं नये. ॲलिसिन अस्थिर आहे. शरीरांत तें टिकत नाहीं. लसणानें रक्तदाब थोडासा उतरतो असें पुढील कांहीं परीक्षणांत दिसलें, पण औषधाची जागा घेण्याइतका नाहीं. गांधीजींचा रक्तदाब फेब्रुवारी १९४० मध्यें २२०/११० पर्यंत चढल्याची नोंद आहे.