मुंबई–सिंधुदुर्ग हवाई मार्ग

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील चिपी (ता. वेंगुर्ला) येथील विमानतळ यांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ३५० किमी, म्हणजे जवळपास १९० सागरी मैल आहे. रस्त्याने हेच अंतर सुमारे ५०० किमी भरते.

चिपी विमानतळाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले. त्याची धावपट्टी २,५०० मीटर लांबीची असून आंतरराष्ट्रीय संकेत एसडीडब्ल्यू असा आहे. त्याच दिवशी केंद्र सरकारच्या 'उडान' योजनेखाली अलायन्स एअरने ७० आसनी एटीआर विमानाने मुंबई सेवा सुरू केली. योजनेतील अनुदानाची तीन वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२४ मध्ये संपल्यावर ही सेवा बंद झाली. दरम्यान गोव्यातील मोपा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला होता. तो चिपीपासून सरळ रेषेत सुमारे ४५ किमीवर असल्यामुळे सावंतवाडी भागातील प्रवाशांना दुसरा पर्याय मिळाला.

उड्डाणाचा वेळ

एटीआर विमान ताशी सुमारे ५०० किमी वेगाने उडते. या हिशेबाने अंतर पाऊण तासात संपावयास हवे. वेळापत्रकात मात्र १ तास २५ मिनिटे दिलेली होती. वेळापत्रकातील वेळ विमान उभ्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर पुन्हा उभे राहीपर्यंत मोजली जाते. तीत धावपट्टीपर्यंतची वाटचाल, मुंबईच्या गर्दीतील प्रतीक्षा, चढण, उतरण आणि ठरावीक हवाई मार्गामुळे पडणारा वळसा यांचा समावेश असतो. त्यामुळे केवळ अंतराला वेगाने भागून काढलेला वेळ लहान पल्ल्याच्या उड्डाणांत नेहमीच फसवा ठरतो.

ठाणे परिसरातून प्रवास

कळवा, दिवा, डोंबिवली या पट्ट्यात कोकणातून आलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती आहे. कळव्यापासून मुंबई विमानतळ सरळ रेषेत सुमारे १८ किमी, तर २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी वाहतूक सुरू झालेला नवी मुंबई विमानतळ सुमारे २४ किमी अंतरावर आहे. नवी मुंबई ते चिपी हे हवाई अंतर सुमारे ३३५ किमी, म्हणजे मुंबईपेक्षा थोडेसेच कमी आहे. घरापासून विमानतळ गाठणे, तासभर आधीची हजेरी आणि चिपीहून गावापर्यंतचा रस्ता धरला, तर दीड तासाच्या उड्डाणाचा प्रवास सहज पाच तासांवर जातो.

रेल्वेने ठाणे ते कुडाळ प्रवासास गाडीनुसार सुमारे सात ते दहा तास लागतात. पावसाळी वेळापत्रकात त्याहून अधिक. कळव्याला लांब पल्ल्याच्या गाड्या थांबत नाहीत. प्रवाशाला एक स्थानक मागे ठाण्याला जावे लागते आणि तेथून गाडी पारसिकच्या बोगद्यातून पुन्हा दिव्याकडेच येते. गणेशोत्सवात या गाड्यांची आरक्षणे फार लवकर भरतात. विमानसेवेची उणीव सर्वाधिक जाणवते ती याच दिवसांत.